नृत्याची चित्रं थिजलेली का दिसतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक मुलगी चित्रकला शिकते, तिची बहीण भरतनाट्यम करते, ही तिचे स्टेजवरचे फोटो काढते आणि त्यावरून जलरंगात चित्रं करते. चेहरा जुळतो, दागिने जुळतात, साडीची जर सुद्धा जमते, पण नाच काही दिसत नाही, बाई नुसती पोझ देऊन उभी आहे असं वाटतं. असं का होतं, आणि दुसरं म्हणजे नृत्य हा विषय आता कॅलेंडरपुरताच उरलाय का, असं तिने विचारलंय. मी सोलापूरची, चित्रकार आहे, नाचणारी माणसं हाच माझा मुख्य विषय राहिलाय, लेझीम, लावणी, वारीतली फुगडी, भरतनाट्यम सगळंच, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी फोटोचं बघू. फोटोत अंगाचा प्रत्येक भाग एकाच क्षणाला थांबलेला असतो, पाय, कंबर, बोटं, झुमका, पदर सगळं एकदम. आपण नाच असा कधी बघतच नाही. आधी पायाचा ठोका जाणवतो, मग कंबर वळते, मग हात पोचतो आणि पदर तर त्याच्याही मागून येतो, आणि आपल्याला जे दिसलं असं वाटतं ती या सगळ्याची बेरीज असते. फोटोवरून हुबेहूब उतरवलं की ती बेरीजच चित्रातून निघून जाते.

हा वाद लई जुना आहे. जेरिको नावाच्या फ्रेंच चित्रकाराने १८२१ साली एप्समच्या घोड्यांच्या शर्यतीचं चित्र केलं, त्यात घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणून हवेत उडताहेत. पुढे १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे लावून पळत्या घोड्याचे फोटो काढले आणि सिद्ध झालं की घोडा असे पाय ताणून हवेत कधीच नसतो, चारही पाय उचललेले असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. सगळे म्हणायला लागले जेरिको चुकला. त्यावर फ्रेंच शिल्पकार रोदँचं म्हणणं असं होतं की खरा जेरिकोच आहे, खोटं बोलतो तो फोटो, कारण प्रत्यक्षात काळ थांबत नाही आणि जेरिकोच्या घोड्याचे मागचे पाय एका क्षणाचे आहेत आणि पुढचे पाय त्याच्या नंतरच्या क्षणाचे. वाखरीच्या किंवा खुडूसच्या रिंगणात माऊलींचा अश्व पळताना ज्यांनी डोळ्याने बघितलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको, घरी येऊन मोबाईलवरचा फोटो बघितला की घोडा अडखळल्यासारखा दिसतो.

तर माझं सगळं म्हणणं इथेच येऊन थांबतं. नाचाच्या चित्रात तीन काळ एकत्र यायला लागतात. वजन आत्ता कुठे आहे, कापड मघाशी कुठे होतं, आणि नजर पुढे कुठे चाललीये. हे तिन्ही एकाच आकृतीत बसले की चित्र हलतं. तुमच्या चित्रात बहुतेक तिन्ही एकाच काळात आहेत, म्हणून बाई उभी राहिली.

यातलं कापडाचं मला लेझीम बघून नीट कळलं. सोलापुरात गणपतीच्या आधी महिनाभर संध्याकाळी मंडळांची लेझीमची प्रॅक्टिस सुरू होते, मैदानात, शाळेच्या पटांगणात, कुठे कुठे रस्त्यावरच, आणि त्या प्रॅक्टिसला अंगावर मिरवणुकीचा ड्रेस नसतो, घरातले साधे शर्ट, टीशर्ट. चित्रकारासाठी हे मिरवणुकीपेक्षा चांगलं. हलगीवाला एका कडेला उभा राहतो, ताशा सुरू होतो, आणि एखादा डाव असा असतो की पोरं डावीकडे खाली वाकून लेझीम जमिनीच्या जवळ नेतात आणि ठोक्याला झटकन उजवीकडे वर उठतात. उठताना एकाच पोराकडे बघत बसा. पाय उजवीकडे गेले, छाती गेली, लेझीम धरलेले हात तर सगळ्यांच्या पुढे पोचले, पण शर्टाची खालची टोकं अजून डावीकडेच आहेत. लेझीमची साखळी सुद्धा तशीच, लाकडी दांडी उजवीकडे वळली तरी साखळी आणि तिच्यातल्या चकत्या क्षणभर मागेच ओढलेल्या असतात आणि मग आपटतात, तेव्हा आवाज येतो. डोक्यावरचे केस सुद्धा मागून येतात. म्हणजे अंग कुठून आलं याचा पुरावा कापडाने आणि साखळीने जपून ठेवलेला असतो. तो काढला तर बघणाऱ्याला मागचा ठोका दिसतो, आणि नाही काढला, म्हणजे शर्ट अंगाबरोबर नीट सरळ ठेवला, की पोरगं लेझीम हातात घेऊन फोटोसाठी उभं राहिल्यासारखं दिसतं. भरतनाट्यमच्या ड्रेसला पुढे निऱ्यांचा पंखा असतो ना, अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर काढून अर्धं बसल्यावर, उघडणारा, त्याच्याकडे आता असं बघा. गुडघे उघडून झाल्यावर पंखा उघडायचा थांबतो, गुडघ्यांबरोबर थांबत नाही.

आता वजन. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि यावरच सगळ्यात कमी मेहनत घेतली जाते, कारण पाय काढायचा कंटाळा. चेहरा आधी काढायचा, मग हात, मग दागिने, आणि पायापर्यंत येईतोवर कागद संपतो किंवा उत्साह संपतो. मी नेहमी पायापासून सुरू करते. कुठला पाय भार घेतोय, तळवा पूर्ण टेकलाय का टाच उचललीये, आणि त्या पायातून सरळ वर ओळंबा सोडला तर तो कुठून जातो. माणूस स्थिर उभा असेल तर ओळंबा गळ्याच्या खळगीपासून सुटतो आणि भार घेतलेल्या पायाच्या जवळ पडतो. नाचताना तो पायाच्या बाहेर पडतो आणि माणूस पुढच्या क्षणी पाऊल टाकून स्वतःला सावरतो. ओळंबा किती बाहेर पडलाय तेवढी चित्रात गती. फोटो काढताना आपण बोट दाबतो ते बहुतेक समेवर, नर्तकी ठामपणे थांबते तेव्हा, म्हणजे नेमका ओळंबा पायात आलेला असतो तेव्हा. म्हणूनच फोटो छान येतात आणि त्यावरून चित्र उभं राहतं. समेच्या किंचित आधीचं बघा.

वजनाचा अभ्यास करायला सोलापुरात एक जागा आहे जी नाचाची म्हणून कोणी मोजत नाही, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक. संक्रांतीच्या दिवसांत सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा होते, मानकरी आणि भक्त पांढऱ्या बाराबंदीत असतात. एवढी उंच आणि जड काठी एक माणूस कमरेशी धरून पेलतो. चित्रकाराने गर्दी, ध्वज, हार-तुरे सगळं सोडून फक्त त्या माणसाची पाठ आणि टाचा बघाव्यात. काठी पुढे झुकायला लागली की तो नुसता हाताने ओढत नाही, सगळं धड मागे टाकतो, पावलं छोटी होतात, टाचा जमिनीत रुतल्यासारख्या पडतात. बाराबंदीच्या पाठीवर ताण कुठे आलाय ते सुरकुत्यांवरून कळतं. अंगाचं वजन आणि काठीचं वजन यांच्यात चाललेली ही देवघेव ज्याला काढता आली त्याला फुगडी काढता येते, कारण फुगडीत तेच आहे, दोघीजणी एकमेकींच्या वजनावर मागे झुकलेल्या आणि एकीनेही हात सोडला तर दोघी पडणार. फुगडीची इतकी चित्रं बघितलीत मी जिथे दोघी आपापल्या पायावर ताठ उभ्या आहेत आणि हात नुसते जोडलेत. त्याला फुगडी कसं म्हणायचं?

नजरेचं थोडक्यात सांगते कारण तुमच्या बहिणीला ते आधीच शिकवलेलं असणार. नंदिकेश्वराच्या अभिनयदर्पण या नृत्यावरच्या जुन्या ग्रंथात श्लोक आहे, यतो हस्तस्ततो दृष्टिः, म्हणजे हात जिकडे तिकडे दृष्टी, दृष्टी तिकडे मन, आणि मग भाव, आणि मग रस. हा श्लोक चित्राच्या रचनेला सुद्धा लागू होतो. आकृतीची नजर जिकडे आहे तिकडे कागदावर मोकळी जागा ठेवा. तुम्ही बहुतेक आकृती बरोब्बर मधोमध घेत असणार आणि ती समोर प्रेक्षकाकडे बघत असणार, मग तिला जायला जागाच राहत नाही.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना हे सगळं माहीत होतं. अजिंठ्याच्या पहिल्या लेणीत महाजनक जातकाचं चित्र आहे, राजाला संसारात अडकवून ठेवण्यासाठी राणी नाच-गाणं ठेवते, त्यातली नर्तकी बघा. लांब बाह्यांची चोळी, अंगाला बाक, आणि भोवती बासरी, टाळ, ढोल वाजवणाऱ्या बायका, आणि त्या वाजवणाऱ्यांची डोकी सुद्धा वेगवेगळ्या कोनात कललेली, त्यामुळे ताल नर्तकीतून निघून पूर्ण घोळक्यात पसरतो. औरंगाबादच्या सातव्या लेणीत तसंच दगडात आहे, मधे नाचणारी आणि दोन्ही बाजूला वादक स्त्रिया. नर्तकीला एकटीला कापून काढलं की अर्धा नाच जातो. तुमच्या चित्रात मृदंगवाले कुठे आहेत? निदान नट्टुवांगमचा, म्हणजे टाळ वाजवून ताल देणाऱ्याचा हात, टाळ धरलेला, कडेला येऊ द्या.

आणि विष्णुधर्मोत्तर पुराणात तर स्पष्टच आहे. वज्र राजा मार्कंडेय ऋषींना विचारतो मूर्ती कशी करायची, ते म्हणतात आधी चित्र शिकायला लागेल, चित्रासाठी आधी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गाणं. नृत्यशास्त्राशिवाय चित्रसूत्र समजायला फार कठीण, असं त्यांचं सांगणं आहे. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली समाजाचे हेच मार्कंडेय, नारळी पौर्णिमेला ज्यांचा रथ निघतो. माझ्या फार आवडीची गोष्ट आहे ही, की ज्या ऋषींची मिरवणूक दरवर्षी आपल्या गल्लीतून जाते त्यांच्याच तोंडी चित्रकाराला नाच शिक असं सांगितलंय.

खरंच शिकलेले चित्रकार आहेत. के. के. हेब्बर, जन्म १९११, उडुपीकडचे, मुंबईत जेजे स्कूल ऑफ आर्टला शिकले आणि तिथेच शिकवलं सुद्धा, ते पंडित सुंदरप्रसादांकडे कथक शिकले, स्टेजवर नाचायला नव्हे तर रेषेत लय यावी म्हणून. त्यांची नुसत्या रेषेतली नृत्याची रेखाटनं बघा, एक रेघ खांद्यापासून निघते आणि टाचेपर्यंत मधे कुठे उचलली असं वाटत नाही, आणि तरी ती कुठे जाड होते, कुठे अगदी विरते, जिथे वजन तिथे जाड. तुम्हाला तर घरातच गुरू आहे. बहिणीकडून निदान पहिले अडवू, म्हणजे भरतनाट्यमची मूळ पावलं, शिकून घ्या, मांड्या दुखू देत. अरमंडीत दोन मिनिटं बसलेल्या माणसाचा गुडघा काढताना हात वेगळा चालतो हे मी अगदी खात्रीने सांगते.

मग बसायचं कसं काढायला? रोदँचीच गोष्ट परत. १९०६ साली कंबोडियाचा राजा सिसोवाथ फ्रान्सला आला तेव्हा त्याच्यासोबत राजदरबारच्या नर्तकी आल्या होत्या, रोदँने त्यांचा नाच पॅरिसमध्ये बघितला आणि इतका भारावला की त्यांच्या मागे मार्से शहराला गेला, साधारण दीडशे चित्रं केली, तेव्हा तो पासष्टीच्या पुढचा होता, जगभर नाव झालेला माणूस. त्याची पद्धत अशी की नजर नाचणाऱ्यावरून काढायचीच नाही, कागदाकडे न बघता पेन्सिल चालवायची, आणि नंतर वरून जलरंगाचा पातळ वॉश. प्रमाण बिघडतं, बिघडू देत. तालमीला जाऊन बसा, कार्यक्रमाला नको, तालमीत तोच तुकडा दहा वेळा होतो आणि दहाव्या वेळेला तुम्हाला माहीत असतं पुढे काय येणार. स्वस्त न्यूजप्रिंटचा गठ्ठा घ्या, चारकोलची कांडी आडवी धरा, खोडरबर घरी ठेवून जा. एका कागदावर एकाच तुकड्याची चार-पाच रेखाटनं एकावर एक येऊ द्या, त्यात तुम्हाला हाताचा मार्ग आपोआप दिसायला लागतो. मुद्रा काढताना पाच बोटं सुटी काढू नका, आधी अख्ख्या पंजाचा एकच आकार टाका आणि मनगटाचा बाक बघा, मुद्रा बोटांइतकीच मनगटात असते. दागिने सगळ्यात शेवटी, आणि निम्मेच. फोटो घ्या, पण घरी आल्यावर फक्त पंखा कसा शिवलाय, वेणीवर काय माळलंय असलं तपासायला. व्हिडिओ त्यापेक्षा बरा, हळू करून मागे-पुढे करता येतो आणि कापड किती उशिरा पोचतं ते स्वच्छ कळतं.

समूहनृत्य करणार असाल तर फ्रेंच चित्रकार मातीसचं द डान्स बघा, एक १९०९चं आणि दुसरं १९१०चं, पाच आकृत्या गोल धरून, निळं, हिरवं आणि दुसऱ्यात अंगाला भडक लालसर रंग, बाकी काहीच नाही. पुढच्या बाजूला दोघींचे हात सुटलेत, बोटांमध्ये थोडं अंतर राहिलंय, आणि पुढची नर्तकी ते गाठायला अख्खं अंग ताणतेय. पूर्ण चित्र त्या अंतरावर फिरतं, कारण बघणाऱ्याचा डोळा ते जोडायला धावतो. आणि आपल्या वारली चित्रातला तारपा नाच आठवा, जिव्या सोमा मशे यांनी जगभर पोचवलेला, दोन त्रिकोणांची माणसं, ना चेहरा ना सावली, पण रांग गोल बंद होत नाही, सर्पिल आत वळत जाते आणि शेवटचं टोक मोकळं राहतं. गोल बंद केला की नाच थांबतो. आपल्याकडे पूर्व भागात तेलुगू बायका बतुकम्मा खेळतात, फुलांच्या उतरंडीभोवती टाळ्या वाजवत फिरतात, तो विषय मराठी चित्रकारांनी अजून पुरेसा हातातच घेतलेला नाही असं माझं मत आहे.

यावरून कॅलेंडरच्या प्रश्नाकडे येते. विषय शिळा होत नाही, बघायची जागा शिळी होते. आपण कायम प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेतून बघतो, नर्तकी आपल्यासाठी हसतेय, आपल्यासाठी नटलीये. फ्रेंच चित्रकार देगाचं नाव बॅलेशी इतकं जोडलं गेलंय, पण त्याची कितीतरी चित्रं कार्यक्रमाची नाहीतच, तालमीची आहेत, बाकावर बसून घोटा चोळणारी, पाठ खाजवणारी, बुटाची फीत बांधणारी, जांभई देणारी मुलगी. १८८१ साली त्याने चौदा वर्षांच्या नर्तकीची मेणाची मूर्ती मांडली, खरा कापडी झगा घातलेली, तर लोकांना ती कुरूप वाटली, इतकी सवय झाली होती नर्तकी परीसारखी बघायची. तो गेल्यावर, १९१७ नंतर, स्टुडिओत मेणाच्या आणि मातीच्या दीडशेच्या आसपास लहान मूर्ती सापडल्या, म्हणजे तो आयुष्यभर वजन हाताने चाचपत होता.

आपल्या जिल्ह्यात हे लावणीला लागू करायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. मोडनिंबची कलाकेंद्रं आहेत, अकलूजच्या लावणी स्पर्धा प्रसिद्ध आहेत, विठाबाई नारायणगावकरांचा जन्म पंढरपूरचा आणि चित्रकार एम. एफ. हुसेनही १९१५ साली पंढरपुरातच जन्मले, म्हणजे नाच आणि चित्र दोन्ही या मातीत आहे. पण लावणीचं चित्र म्हटलं की तेच, डोळा घातलेला, पदर दातात, मागे ढोलकीवाला. त्या बाईला कामाला लागलेली कोणी काढत नाही. चाळ बांधताना बघा, पाय दुमडून बसायचं, पट्टा घोट्यावर घट्ट ओढून गुंडाळायचा, सैल राहिला तर फिरतो आणि कातडी सोलते, मग उभं राहून एकदा पाय आपटून बघायचा, मग दुसऱ्या पायाचं. तेव्हा चेहऱ्यावर अदा नसते, लक्ष असतं. नऊवारीचा काष्टा घट्ट बसलेला असल्याने पायाचा भार चित्रकाराला अगदी स्वच्छ दिसतो आणि चाळांच्या वजनामुळे पाऊल मुद्दाम, पूर्ण तळव्याने पडतं, हे सगळं विंगेतून बाजूने बघितल्यावर दिसतं, समोरून नाही. मात्र विचारल्याशिवाय बसू नका. तयारी करताना काढू का, चेहरा ओळखू येईल असा चालेल का, चित्र विकलं तर काय द्यायचं, हे आधी बोलून घ्या. कलाकार माणूस आहे समोरची, तिचा वेळ आहे तो. बहुतेक जणी हो म्हणतात आणि रेखाटन झालं की मागून बघायला येतात, त्यांना एखादं देऊन टाका.

चित्र झाल्यावर तपासायचं कसं, तर दोन गोष्टी करा. चेहरा आणि हात कागदाने झाका, उरलेल्या अंगावरून ती कुठून कुठे चाललीये हे कळतंय का बघा. आणि मग ज्याने तो नाच केलाय त्यालाच दाखवा आणि विचारा की हा बोलातला कुठला ठोका आहे. नाचणारा माणूस बघून लगेच पायाने तो ठोका देऊन दाखवतो, तसा दिला तर रंगवायला घ्या. तो नुसताच छान आहे म्हणाला तर दुसरा कागद घ्या आणि परत पायापासून काढा.